मागं चालणारा बैल

हैदराबादला आमच्या स्टुडिओत नवीन पोरं आली की आठवड्याच्या आत विचारतात, "मॅडम, ॲनिमेशन शिकायला कोणती पुस्तकं घेऊ?" मी टेबलावरची तीन जाडजूड पुस्तकं पुढे सरकवते. एकात बैलाची हाडं, दुसऱ्यात म्हशीचे स्नायू आणि तिसरं जनावरांच्या लंगडण्यावर. पोरं हसतात. हसू देत. ही पुस्तकं मला लातूरच्या जिलानीचाचांनी दिली, आणि तीही चुकून.

चाचांचं जुन्या पुस्तकांचं दुकान ट्यूशनच्या गल्लीत आहे, पत्र्याचं, अरुंद आणि लांबलचक. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं परीक्षा झाली की तिथं गाईडं विकतात आणि पुढच्या वर्षीची पोरं तीच विकत घेतात. चाचा कुणाला नावानं ओळखत नाहीत, विषयानं ओळखतात. "ए फिजिक्स, सरक की जरा!" मी बायोलॉजी होते. दारातल्या स्टुलावर बसून ते नुसते हुकूम सोडायचे. "वरल्या फळीवरलं काढ. तिथं न्हाई, डावीकडं बघ." गिऱ्हाइकानंच चढायचं, गिऱ्हाइकानंच काढायचं. आम्ही त्यांना आळशी म्हणायचो, अगदी तोंडावर. त्यावरही ते हसायचे.

नीटमध्ये मी एकदा आपटले होते आणि दुसऱ्यांदा आपटायच्या बेतात होते. कारण माझ्या बायोलॉजीच्या गाईडात अभ्यासापेक्षा बैल जास्त होता. दर पानाच्या खालच्या कोपऱ्यात एक बैल, प्रत्येक पानावर पाय थोडा पुढे. पानं भराभर सोडली की बैल चालायचा. ते गाईड मी विकायला नेलं. पान गहाळ आहे का, हे बघायची चाचांची रीत ठरलेली. पुस्तक हातात धरायचं, अंगठ्यानं पानं सोडायची आणि आवाज ऐकायचा. पण चाचा उर्दू शाळेत शिकलेले, त्यांचं पुस्तक आपल्या शेवटच्या पानापासून सुरू होतं. त्यांनी पानं सोडली आणि ते थांबले. पुन्हा सोडली.

"हा बैल मागं का चालून राहिला?"

"चाचा, तुम्ही उलटं बघताय."

"मी सुलटंच बघून राहिलो. तू उलटं काढलंस. काय म्हणतात ह्याला?"

"ॲनिमेशन. मला तेच शिकायचंय." आणि मग, कोण जाणे का, जे घरातही धड बोलता आलं नव्हतं ते मी त्यांना सांगून टाकलं. डिझाइनच्या एका कॉलेजची पहिली फेरी मी पास झाले होते. दुसऱ्या फेरीसाठी एक चालता प्राणी काढून पाठवायचा होता, तोही पंधरा दिवसांत. माझे बाबा, चाकूरचे मार्तंड गुरुजी, म्हणाले होते, "ही एकच संधी. नाही झालं तर मुकाट फार्मसीला जायचं." आणि माझा बैल तर लाकडी होता, पोळ्याला देवळीत ठेवतात तसला.

चाचांनी सगळं ऐकलं आणि त्यातला एकच शब्द धरला. "ॲनिमलचं शिकायचंय व्हय? मग उदगीरला चौकशी करतो की. जनावरांचे डॉक्टर लई हायत तिथं."

मी समजावलं. त्यांनी मान हलवली. चार दिवसांनी दुकानात ही तीन पुस्तकं माझी वाट बघत होती. गुरुबसप्पा नावाच्या एका रिटायर्ड ढोरांच्या डॉक्टरांकडून, एसटीनं उदगीरला जाऊन चाचांनी ती स्वतः आणली होती. त्यांचा चेहरा इतका फुलला होता की मला रडू येत असूनही मी "छान आहेत" म्हणाले.

रागारागातच तिसरं पुस्तक उघडलं. त्यात लिहिलं होतं, पुढचा पाय दुखत असला की तो टेकताना जनावर मान वर उचलतं. एवढं एक वाक्य वाचलं आणि मी उठून बसले. मग ठरवलं, आपला बैल लंगडा करायचा. आठ दिवस काढत बसले. चित्रांची चळत चाचांना नेऊन दाखवली, खास त्यांच्यासाठी मागून पुढे लावलेली. त्यांनी अंगठा सोडला.

"मान बरोबर हाय. पण ह्याला दुखत न्हाई," ते म्हणाले.

मग गल्लीत दोन्हीकडे नजर टाकली, कुणी नव्हतं. ते स्टुलावरून उठले आणि चालू लागले. दोन वर्षांत मी त्यांना चालताना पाहिलंच नव्हतं. आमच्या आधी येणारा आणि आमच्यानंतर जाणारा तो माणूस डाव्या पायानं लहानपणापासून अधू होता, हे मला त्या दिवशी कळलं.

"बघ. दुखऱ्या पायावर जीव थांबत न्हाई, घाईनं उचलतो. चांगल्या पायावर जरा इसावा घेतो. मग पुढला विचार. कळलं का?"

ते सहा वेळा गेले आणि आले. सहाव्या वेळी त्यांना घाम आला होता. मला माझ्या "आळशी"ची इतकी लाज वाटली की कागदाकडे बघण्याचं निमित्त करून मी खाली मान घातली.

उरलेल्या दिवसांत बैल पुन्हा काढून पाठवला आणि माझी निवड झाली. पेढा खाताना चाचांनी विचारलं, "पास झाला का बैल?" मी हो म्हणाले. पण त्या बैलाचा डावा पाय कुणाचा आहे, हे सांगायचं धाडस झालं नाही. ज्या माणसानं जन्मभर आपलं चालणं झाकलं, ते मी परक्या लोकांपुढे मांडून पास झाले होते. हे सात वर्षं मनात डाचत राहिलं.

या मे महिन्यात ती सगळी चित्रं बांधून घेतली, शेवटच्या पानापासून सुरू होणारी, आणि लातूरला गेले. दुकानात पोरांची ही गर्दी. "ही आपली बायोलॉजी," चाचा पोरांना म्हणाले. "हैदराबादला जनावरं चालवायच्या कामाला हाय." मी वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी अंगठा सोडला. बैल पुढे चालला, डावा पाय घाईनं उचलत, उजव्यावर क्षणभर थांबत. त्यांनी पुन्हा बघितलं. मग तिसऱ्यांदा.

"हा माझा पाय हाय," ते हळूच म्हणाले.

"हो चाचा. मी विचारलं नव्हतं तुम्हाला. चुकलंच माझं."

त्यांनी वही मिटली. एका मुलीनं वरच्या फळीवरचं केमिस्ट्री मागितलं आणि ती सवयीनं शिडीकडे वळली.

"थांब," चाचा म्हणाले. उठून वही स्टुलावर ठेवली आणि एवढ्या पोरांच्या देखत चालत जाऊन त्यांनी ते पुस्तक काढून आणलं.