वहिनीची शिकवणी

आमच्या वहिनीइतका छळवादी विद्यार्थी अख्ख्या ग्वाल्हेरात सापडणार नाही. वय एक्कावन्न, पण शिकण्याची हौस अशी, की शिकवणाऱ्याने हात टेकावेत.

ही हौस लागायच्या आधीची दोन वर्षं आठवली की मात्र अजून धस्स होतं. मुलगी सासरी इंदूरला, मुलगा नोकरीला बेंगळुरूला, दादा सदा दौऱ्यावर. आणि दर्पण कॉलनीतल्या घरात वहिनी नुसती भिंतीकडे बघत बसलेली. काय होतंय विचारलं, तर म्हणायची, "काही नाही, भाऊजी. आता करायचं काय उरलंय?"

मग एकदा मिक्सर बंद पडला. तिने काही विचारताच नया बाज़ारातला दुरुस्तीवाला म्हणाला, "माताजी, ये आपके बस का नहीं है।" झालं! तीन दिवस ती त्याच्या दुकानासमोर उभी राहून बघत होती. चौथ्या दिवशी तिने स्वतःच मिक्सर चालू केला आणि आमचं स्वास्थ्य संपलं. इस्त्री, गीझर, शेजाऱ्यांचा कूलर, दिसेल ते ती उघडायची. भर मे महिन्यात तिने आमचा छताचा पंखा उतरवला. परत लावला, तेव्हा तीन स्क्रू उरले. "कंपनीने जास्तीचेच दिले होते," असं ठणकावून ती निघून गेली. आम्ही गुपचूप पंख्याखालची खाट सरकवली.

एवढ्यावर न थांबता तिने वायरिंगच्या कोर्सला नाव घातलं आणि शिकवणी माझ्या गळ्यात पडली. मी पोस्टातला माणूस! "करंट उलटा का नाही वाहत?" याला मी काय उत्तर देणार? जेवताना, दाढी करताना, एकदा तर स्मशानातून परततानाही तिचा फोन: "भाऊजी, बस, दोनच मिनिटं!"

पहिल्या परीक्षेत ती नापास झाली. ती पुन्हा भिंतीकडे बघत बसणार, या भीतीने मी स्कूटर काढून धावलो. बाई पुस्तक उघडून बसलेली!

"रडलात का?" मी विचारलं.

"रडले ना, सकाळी. आता अर्धं तर येतंच. उरलेलं अर्धंच करायचंय."

दुसऱ्या खेपेला पास झाली. आता कॉलनीत कुणाचीही बत्ती गेली की तिलाच बोलावतात.

परवा तिच्याकडे चहाला गेलो होतो. टेस्टर पदराला पुसत तिने सहज विचारलं, "भाऊजी, हल्ली तुम्ही काय शिकताय?"

मी चिडलोच. "मला काय कमी आहे, वहिनी?" म्हणत उठलो. शिंदे की छावनीतल्या माझ्या घरी पोचेपर्यंत मात्र तिला काय सांगता आलं असतं, तेच शोधत होतो. फाटकाशी स्कूटर बंद केली, तरी एकही गोष्ट आठवली नाही.