सगुण मास्तरच्या पेटीची घूंऽऽ

अख्ख्या म्हापशात माझ्यासारखा मेकॅनिक नव्हता. मी हात लावला की मेलेलं मशीन उठून बसायचं, असं सगळे म्हणत. सगळे म्हणजे मी. बाकीचे म्हणत, "बाबल्याकडे नेऊ नका, जिवंत असलं तर मारील!"

सातवीत शाळा सुटली, पण सर्किट वाचता येतं. चित्रच असतं ना ते! मशीन उघडून परत लावलं की एखादा स्क्रू उरायचाच. तो डब्यात टाकायचो. किस्सेही तसेच साठले. हल्ली दुकानात कोणी फिरकत नाही, तेव्हा डबा हलवून बघतो. त्यातले निम्मे स्क्रू एकाच मशीनचे. हळर्णच्या सगुण मास्तरच्या सिंथेसायझरचे.

*

मास्तर गावच्या नाटकांना पेटी वाजवायचा. बोटीवर नोकरी करणाऱ्या एका तारवट्याकडून त्याने हे जुनं मशीन घेतलं आणि त्यालाही पेटीच म्हणू लागला. ते चालायचं एकशे दहा व्होल्टवर, आणि ह्याने खुपसलं सरळ आपल्या दोनशे तीसच्या प्लगात!

पहिलंच नाटक. तिकडे नारद प्रकट झाला, इकडे मास्तरने बटण दाबलं आणि भसाभस धूर! लोकांना वाटलं, सीनच आहे. टाळ्या! मागून कोणी ओरडला, "वन्स मोअर!"

शुक्रवारच्या बाजाराला मास्तर मशीन वाकळीत गुंडाळून माझ्या दुकानात हजर. तोंड सुतकी. "बाबल्या, वाचात मरे?"

"वाचात. पण वन्स मोअर मागू नको!"

*

वाचलं. ट्रान्सफॉर्मर नवा गुंडाळून घातला. पण बटण दाबलं की एक बारीक घूंऽऽ सुरू व्हायची, ती काही जाईना. डायोड बदलले, रेग्युलेटर बदलला, वायर बदलली. घूं तिथंच! हरलो म्हणायची लाज. मी ठोकून दिलं, "मास्तर, बोटीवरचं मशीन हे. इंजिनाचा आवाज मुरलाय आत."

पुढच्या शुक्रवारी मास्तर सांगतो, अर्धा गाव पेटीला कान लावून गेला. एका म्हाताऱ्याने तर विचारलं, "बोट खंयच्या बंदराक लागता?"

*

संध्याकाळी भाताची गिरण सुरू झाली की हळर्णात व्होल्टेज बसायचं. व्होल्टेज बसलं की पेटीचा सूर खाली. एकदा भजनाला गेलो होतो. गिरण लागली, पेटी घसरली, पेटीमागोमाग बुवा, बुवांमागोमाग सगळे. आरतीपर्यंत मंडळी विहिरीच्या तळाला!

मी म्हटलं, "बुवा, गिरण बंद झाली की हळू वर या. डोकं आपटेल!"

त्या दिवशी मला प्रसाद मिळाला नाही.

*

आमचं वेगळं राज्य व्हायच्या आधीचे ते भाषेच्या भांडणाचे दिवस. माझ्या दुकानात मास्तर मराठीच्या बाजूने, समोरचा चहावाला कोंकणीच्या. दोघांची तोंडं लाल, चहा गार. मी मधेच पेटी चालू केली. "ऐका! ही कुठल्या भाषेत बोलते?"

दारात बाजाराची पिशवी घेऊन मास्तरची बायको उभी होती, शेवंती वहिनी. ती म्हणाली, "खंयच्याय भाषेत बोलू दी. मी बोलतंय तेव्हा ती मधे तोंड घालत नाय!"

*

मग वहिनी गेली. बुवा थकले. नारद गल्फात गेला. नाटकच बंद पडलं, तरी मास्तर शुक्रवारी वाकळ घेऊन यायचा. "घूं बघ मरे," म्हणायचा, चहा घ्यायचा, जायचा.

एकदा विचारलं, "वाजवतोस तरी?"

"ना रे. पेज शिजत ठेवतो, बटण दाबतो आणि बसतो."

मला वाटलं, घूंला कंटाळून ह्याने वाजवणं सोडलं. उद्या पेटीच विकली, तर शुक्रवारी माझ्या दुकानात येणार कोण?

मशीन ठेवून घेतलं. जन्मात पहिल्यांदा थट्टा न करता कामाला बसलो. दोन मोठे कपॅसिटर होते, दिसायला गुटगुटीत, चकचकीत. म्हणून इतकी वर्षं त्यांच्यावर संशयच घेतला नव्हता. आतून ठणठणीत कोरडे! ते बदलले, बटण दाबलं. दुकानातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

मास्तरला निरोपही धाडला नाही. पेटी खांद्यावर घेऊन बसने थेट हळर्ण गाठलं. मास्तर चुलीपाशी होता. मी प्लग लावला, बटण दाबलं आणि छाती काढून उभा राहिलो. "बघ! कायमची घालवली!"

मास्तर उठला. पेटीवर कान ठेवला. बटण बंद केलं, परत दाबलं, परत कान ठेवला. चुलीवर पेज उतू गेली, तिकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

"मेल्या बाबल्या," तो म्हणाला, "पेज शिजेपर्यंत आता मी कोणाकडे बोलू?"