नववा पाट

थापा मारण्यात मी लहानपणापासून हुशार. विचार करावा लागायचा नाही, थाप आपोआप तोंडात यायची आणि तिच्यावर पहिला विश्वास माझाच बसायचा. माझी मैत्रीण अगदी उलटी. तिला खोटं बोल म्हटलं की घाम फुटायचा.

भूम तालुक्यात, ईटच्या अलीकडं आमचं गाव. शाळेत आम्ही दोघी एका बाकावर. मी वरच्या आळीतली, ती भीमनगरातली, बौद्धांच्या घरातली. तिचे वडील एस.टी.त कंडक्टर होते आणि हे ती दिवसातून एकदा तरी सांगायचीच. तिकिटाला भोक पाडायचा त्यांचा पंच तिनं एकदा गुपचूप शाळेत आणला आणि आम्ही भूगोलाच्या पुस्तकातल्या महाराष्ट्राची पार चाळणी केली. मार दोघींना सारखाच बसला. तिच्या वडिलांना गाडीत सगळं गाव "मास्तर, जरा जागा बघा की" म्हणून विनवायचं. गाडीतून उतरलं की तेच गाव त्यांना पाणी वरून ओतायचं. त्यात मला तेव्हा काही वावगं वाटत नव्हतं, हे आधीच कबूल करते.

मी चौथीत असताना नवरात्रात सोलापूरची आत्या आमच्याकडं आली. नऊ कुमारिकांचे पाय धुवून त्यांना जेवू घालायचा तिचा नवस होता. अष्टमीला आठच पोरी आल्या. नववीला गोवर उठला होता आणि घरची पोर म्हणून मी नवसाला चालत नव्हते. पुरणाचा वास सगळ्या आळीत गेलेला, आठ पोरी पाटांवर चुळबुळ करताहेत आणि आत्या रिकाम्या नवव्या पाटाकडं बघून हवालदिल.

"जा गं, कुणाची तरी पोर घिऊन ये," ती मला म्हणाली.

मला कुणाची तरी म्हणजे एकच पोर ठाऊक होती.

"आमच्यात देवबिव न्हाय," मैत्रीण म्हणाली.

"देवाचं काम न्हाय, पुरणपोळीचं हाय."

ती लगेच निघाली.

चुलीपुढून आईनं मान वर करून आम्हाला बघितलं आणि ती पुन्हा पोळी लाटायला लागली. आत्याला गावातल्या पोरी कुठून माहीत असणार? तिनं परातीत मैत्रिणीचे पाय धुतले. तिला गुदगुल्या झाल्या, ती फिसकन हसली.

"देवी हसली!" आत्या ओरडली आणि तिनं त्या ओल्या पायांवर डोकंच टेकलं. बाकीच्या आठ जणींच्या ती नुसती पाया पडली होती.

जेवायला वाढल्यावर आत्यानं मायेनं विचारलं, "कुणाची गं तू, बाय?"

मैत्रिणीनं तोंड उघडलं. त्याच्या आत मी म्हणाले, "तलाठी भाऊसाहेबांची!"

आत्या हरखली. तिनं पोळीवर तुपाची धार सोडली ती थांबेचना. "तुज्या वडलांला सांग बाळा, आमच्या हितल्या शेताचा फेर वर्ष झालं अडकलाय. तेवढी नोंद करा म्हणावं."

मैत्रिणीनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्या मांडीला चिमटा काढला. तिनं हातातला घास खाली ठेवला.

"माझे आप्पा तलाठी न्हायत. कंडक्टर हायत. आमी भीमनगरात राहतो."

आईचं लाटणं थांबलं. आत्याची मात्र भलतीच पंचाईत झाली. रागवावं तर देवीवर कसं? आणि टेकलेलं डोकं परत घ्यायची सोय कुठल्याच नवसात नव्हती. शेवटी मैत्रीण उठल्यावर आत्यानं सगळा राग पाटावर काढला. गोमूत्र शिंपडून, घासून घासून तो धुतला आणि अंगणात उन्हाला लावला. आईनं पुन्हा लाटायला घेतलं. ती एक शब्द बोलली असती तर, असं मला अजून वाटतं. पण शब्द तर माझ्याकडंही ढिगानं होते.

मैत्रीण हात धुवायला अंगणात आली होती. तिनं पाट बघितला.

"आत्या गावाला गेली की कुणी धुणार न्हाय," मी म्हणाले.

"पाटाचं जाऊ दे," ती म्हणाली. "तू माझा बाप का बदललास?"

दुसऱ्या दिवशी ती वेगळ्या बाकावर बसली. मला तिचा भयंकर राग आला. एवढी पोळी मिळवून दिली, तूप मिळवून दिलं, वर हिचाच रुसवा! दिवाळीनंतर तिच्या वडिलांची कळंबला बदली झाली आणि ते घर गाव सोडून गेलं. त्या बाकावर मी वर्षभर एकटी पसरून बसले. जागा लई झाली होती आणि मला रोज रडू यायचं.

गेल्या वर्षी तुळजापूरच्या स्टँडवर मी भूमची गाडी धरली. कंडक्टर बाई होती. "कुठं?" म्हणाली आणि आम्ही दोघी एकमेकींकडं बघतच राहिलो.

"आप्पा कसे आहेत?" मी विचारलं.

"गेले. नोकरीत असतानाच. त्यांच्या जागेवर मी लागले."

मला काहीच सुचेना. मला, थापाड्या बाईला! शेजारी परडी मांडीवर घेऊन बसलेली म्हातारी मध्येच म्हणाली, "वळखीची व्हय? कुणाची गं ही?"

"आमच्या गावच्या कंडक्टरची," मी म्हणाले. नको तेवढं मोठ्यानं म्हणाले. पुढच्या दोन सीटांवरची माणसं वळून बघायला लागली.

मैत्रिणीनं मशीनमधून तिकीट काढून माझ्या हातात दिलं.

"येवढंच म्हणायचं होतं की गं तवा," ती म्हणाली आणि पुढच्या सीटकडं वळली. "बोला, तिकीट."