कोरफडीला तीर्थ

निजामीचं ते शेवटचं वर्ष. लातूरच्या आमच्या घरी गुळाच्या पाकाची कढई कलंडली आणि वहिनीचा उजवा हात मनगटापासून बोटांपर्यंत भाजला. दवाखान्याला कुलूप होतं. गल्लीतल्या वैद्यांनी हात पाहिला. रोज कोरफडीचा ताजा गर लावा, म्हणाले, नाहीतर कातडी आखडून बोटं मिटतील. मिटली की मग उघडायची नाहीत.

घरात कोरफड एकच होती, परसात, घासलेटच्या डब्यात लावलेली. दुसरी आणायची तर शिवारात जावं लागे. रस्त्यांवर लूटमार चालू होती. वेशीबाहेर कुणी जात नव्हतं.

आईनं माहूरच्या रेणुकेला नवस बोलला: हात बरा होईपर्यंत घरच्या देव्हाऱ्यातल्या देवीच्या स्नानाचं तीर्थ या कोरफडीला. सकाळ-संध्याकाळ ती तांब्याभर ओती. शेजारणींना कळलं तशा त्याही आपापल्या देव्हाऱ्यातलं आणू लागल्या. वहिनी बाहेरचं खालचं पान कापी, पिवळा कडू चीक गळून जाईतो उभं धरी, मग गर काढी. थोड्याच दिवसांत पानं लुळी पडली. आई घाबरली, तिनं तीर्थ वाढवलं. बुडाशी पानं पाणचट झाली, मग तपकिरी. गराला वास येऊ लागला. तो जखमेला लावता येईना.

वहिनी आईला म्हणाली, "आत्याबाई, पाणी बंद करा. झाड सडून राहिलंय. डब्याच्या बुडाला भोकसुद्धा न्हाई."

"पाणी न्हाई ते, तीर्थ हाय. बोललेलं मोडू? उद्या हाताचं काही झालं तर कोणाच्या नावानं रडशील?"

"हात माझा हाय."

"आन् देवी माझ्या माहेरची हाय."

शेजारीण म्हणाली, "सासू-सुनेच्या भांडणात कोरफड बुडाली गं बाई!"

करंगळी सरळ होईनाशी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनीनं डाव्या हातानं डबा आडवा केला. मी झाड ओढलं. मुळं काळी, चिखलासकट निसटून आली. सडलेलं सगळं तिनं विळीवर कापून टाकलं. मधला कोंभ आणि चार बोटभर, गर न धरलेली पानं उरली. ती तिनं काळ्या दोऱ्यानं बांधून चौकटीला उलटी टांगली. नजरेसाठी दाराला टांगलेल्या कोरफडीला आमच्याकडे कुणी हात लावत नाही, पाणी तर नाहीच. आई तांब्या घेऊन आली, वर पाहिलं, थांबली. तीर्थ तुळशीत ओतलं.

टांगलेल्या कोरफडीची जखम सुकली, मुळांचे पांढरे ठिपके आले. वहिनीनं ती वाळू मिसळलेल्या मातीत, तळ फुटलेल्या माठात लावली. ती जगली. पण कापण्याजोगं पान यायला कित्येक महिने लागले. तोवर दोन बोटं तळव्याला चिकटली होती.

ते पहिलं पान आईनं स्वतः कापलं, चीक गाळला, गर काढला आणि वहिनीच्या मिटलेल्या बोटांवर चोळत बसली. वैद्यांनी आता उपयोग नाही म्हणून सांगितलं होतं, ते तिनंही ऐकलं होतं. वहिनीनं हात ओढून घेतला नाही.