गजरीचा खांब

बीड जिल्ह्यात पस्तीस वर्षं बातमीदारी केल्यावर एक गोष्ट कळली. छापून आलेलं आपण विसरतो. डेस्क जे छापायला नकार देतं, ते मात्र उकिरड्यासारखं साचत राहतं. थरावर थर बसतात. आणि उकिरडा आपोआप कधी रिकामा होत नाही, तो उपसावाच लागतो.

आज गेवराई तालुक्यातल्या एका बंद दूध संस्थेच्या बागेतला थर उपसतोय. वास आला तर माझ्यावर चिडू नका. ज्यांच्यावर चिडायला हवं त्यांतले दोघं पेन्शन खातायत आणि एकाचा पुतळा व्हायचा आहे!

* * *

चकलांब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. लागोपाठ तिसरं कोरडं साल. म्हशी बाजारात गेल्या, दूध आटलं, संस्थेच्या शटरला कुलूप लागलं. शटरसमोर बऱ्या दिवसांत चेअरमननी केलेली बाग होती. तिथं आता करपलेलं गवत आणि कोरड्या हौदात उभा असलेला सिमेंटचा बगळा. कधीकाळी त्याच्या चोचीतून कारंजं उडायचं म्हणे.

एके दिवशी सरकारी टेम्पो आला. चारा आला म्हणून गाव धावलं. टेम्पोतून उतरले सहा लोखंडी खांब, प्लास्टिकच्या चकत्यांचं एक खोकं आणि एक पोस्टर. पोस्टरवर हाफ चड्डीतला गोरा माणूस आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘डिस्क गोल्फ’.

खेळ साधा आहे. लांब उभं राहून चकती फेकायची. खांबावर लटकणाऱ्या साखळ्यांवर आदळून ती खालच्या जाळीत पडली पाहिजे. मग पुढचा खांब. सगळे खांब कमीत कमी फेकींत संपवील तो जिंकला.

फक्त आमच्या खांबांना साखळ्या नव्हत्या. जाळ्याही नव्हत्या!

मी बीड गाठलं. खांब पाठवणाऱ्या कार्यालयात साहेबांसमोर बसून सरळ विचारलं. साहेब शांतपणे म्हणाले, “साखळ्या-जाळ्या दुसऱ्या टप्प्यात येतील.”

“मग पहिल्या टप्प्यात काय होतं?”

“उद्घाटन!”

* * *

उद्घाटनानंतर महिन्याभरात चकत्या गायब झाल्या. तपासणीला एक तरुण अधिकारी आला. त्यानं खोकं उघडलं, तर आत पालीचं बिऱ्हाड. त्यानं संस्थेच्या सेक्रेटरींना धारेवर धरलं. सेक्रेटरी म्हणजे बाबुराव. पांढरी टोपी, कानावर पेन, संस्था बंद झाली तरी रोज दहाला शटरपुढं हजर. बिचारे घामाघूम झाले.

तेवढ्यात टँकरच्या रांगेतून गयाबाई आली. ही संस्थेची जुनी सभासद. दोन म्हशींच्या दुधावर तिनं दोन पोरी उजवल्या होत्या.

“कावून वरडायलात ओ साहेब? चकत्या हायेत की.”

“कुठं आहेत?”

तिनं रांगेकडं बोट केलं. प्रत्येक घागरीवर, प्रत्येक ड्रमवर एकेक रंगीत चकती झाकण म्हणून बसली होती.

“धुळीपासून पानी वाचतंय. तुमच्या योजनेतलं यवढंच कामाला आलं बगा!”

अधिकाऱ्यानं वहीत लिहिलं, ‘साहित्य वापरात आहे.’ त्याच्या नोकरीतलं ते एकमेव खरं वाक्य असावं.

* * *

साखळ्या आल्या त्या सरकारातून नाही. निवृत्तीनानांच्या गोठ्यातून आल्या.

आमच्याकडं जनावर विकलं तरी त्याचं दावं देत नाहीत. दावं घरी राहिलं की गोठ्याला आशा राहते, असं जुनी माणसं म्हणतात. नानांची म्हैस गजरी दावी तोडायची, म्हणून तिला साखळी होती. चारा छावणी मुदतीआधी बंद झाली, त्याच आठवड्यात नानांनी गजरीला बाजार दाखवला. साखळी तेवढी घरी आणली.

एका सकाळी ते ती साखळी खांद्यावर टाकून बागेत आले आणि सहाव्या खांबाला बांधू लागले.

“नाना, हे काय?” मी विचारलं.

“गोठ्यात नुस्ती लटकती, पत्रकार. वाऱ्यानं वाजली की मी पेंडीचं घमेलं हुडकत उठतो.”

एवढं बोलून त्यांनी गाठ पक्की केली.

मग गयाबाईनं तिच्या तांबडी म्हशीची साखळी आणली. बाबुरावांनी जर्सीची. सुदाम मेंढपाळ, मेंढ्यांना साखळी नसते, पण त्याची एक कपिली गाय होती, तिची आली. उरलेल्या दोन साखळ्यांचे मालक ऊसतोडीला गेले होते, त्यांच्या म्हाताऱ्यांनी आणून दिल्या. सहा खांब, सहा रिकाम्या दावणी! चकत्या खेळापुरत्या घागरींवरून उतरल्या. जाळ्या नव्हत्याच, म्हणून नियम ठरला की साखळी वाजली म्हणजे झालं. दुसरा नियम नानांचा. साखळीला हात लावून वाजवायची नाही.

“ती फकस्त चकतीनं वाजंल,” ते म्हणाले. “उगं आशा लावायची न्हाई कुणाला.”

तिसरा नियम न बोलता ठरला. ज्याच्या दावणीला जनावर येईल त्यानं आपली साखळी घेऊन जायची.

जगात कुठल्याही मैदानावर खेळाडू मैदान मोडायची वाट बघत खेळत नसतील. आम्ही खेळत होतो.

* * *

चकती साखळीला लागली की नुसती घासून गेली, यावर रोज भांडण. बाबुराव पडले सहकारातले. त्यांनी तोडगा काढला.

“वाजली म्हननारांनी हात वर करा!”

“आरं बे, आवाज कानाला येतो का हाताला?” सुदाम भडकायचा. पण ठराव बहुमतानं मंजूर व्हायचा. मी विरोध नोंदवायचो, बाबुराव तो खरोखर वहीत नोंदवायचे.

एकदा चेअरमन आले. मागं चार गाड्या. दौऱ्यावर होते, फोटो हवा होता. त्यांनी गॉगल कपाळावर चढवून चकती भिरकावली. ती खांबापासून पाच हात लांबून गेली, बगळ्याच्या मानेवर आदळली आणि कोरड्या हौदात पडली. त्यांच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या!

संध्याकाळी मी बाबुरावांची वही पाहिली. त्यात वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘मा. चेअरमनसाहेबांची चकती सर्वानुमते वाजली.’

“बाबुराव, लाज नाही वाटत?”

“पत्रकार, सव्वीस वर्सं ह्येच लिवतोय. हाताला दुसरं वळन न्हाई ओ.”

* * *

सुदामचा नेम लहानपणापासूनचा. शंभर पावलांवरच्या मेंढीच्या शिंगाला खडा मारून तिला वळवणारा माणूस. एका दिवशी त्यानं कपिलीच्या खांबाची साखळी पहिल्याच फेकीत खणकन वाजवली. मतदानाची गरज पडली नाही.

दीड महिन्यानं त्याच्या सासऱ्यानं कालवड धाडली.

पुढं गयाबाईनं तांबडीची साखळी एका फेकीत वाजवली. पाऊस थोडा बरा झाला आणि तिला अर्ध्या वाट्यावर म्हैस मिळाली. साखळी गळ्यात घालून ती घरी गेली, मिरवणुकीतल्या नवरदेवासारखी!

मग काय विचारता. आपली साखळी एका फेकीत वाजली की जनावर दारी येतं, हे गावात पक्कं झालं. मी चिडून सांगून पाहिलं, की बाबांनो, याचा त्याचा काही संबंध नाही. नाना म्हणाले, “नसू द्या. पर तुमच्या बातमीनं तरी कुनाची म्हैस परत आली?”

पस्तीस वर्षांत एवढा नेमका प्रश्न मला एकाही पुढाऱ्यानं विचारला नव्हता.

नाना रोज यायचे. बाकीचे खांब खेळायचेच नाहीत. शटरपाशी उभं राहायचं आणि सरळ सहाव्या खांबाकडं फेकायचं. सत्तर पावलं, मधी तो बगळा. दिवसाला एकच फेक.

“एकाच दमात वाजली पायजे,” ते म्हणायचे. “दोन डावांत आनलेली म्हैस टिकत न्हाई.”

* * *

मी या सगळ्यावर लेख लिहिला. छावणी कुणी आणि का बंद केली, खांबांच्या साखळ्या कुठं मुरल्या, विकलेल्या जनावरांची दावी खांबांना कशी लटकतायत, सगळं. नावानिशी.

डेस्कनं नावं काढली. मग छावणी काढली. मग साखळ्या काढल्या. उरला नानांचा फोटो, हात उगारून चकती फेकताना. मथळा होता, ‘दुष्काळातही रंगतोय खेळ!’

मी संपादकांच्या टेबलावर अंक आपटला. ते म्हणाले, “अहो, वाचकांना सकाळी सकाळी काहीतरी पॉझिटिव्ह लागतं.”

बीडच्या त्या साहेबांनी कात्रण फ्रेम करून खुर्चीमागं लावलं. अजून आहे. जाऊन बघा!

* * *

नानांच्या चकत्या हळूहळू खांबापासून फार लांब पडू लागल्या. आधी दोन हात, मग दहा हात. एकदा तर रस्त्यावर गेली. मी त्यांना बीडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर सज्जन होते. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता दाखवून म्हणाले, “बाबा, कुठली ओळ दिसते?”

“मला आदीबी वाचता येत न्हवतं,” नाना म्हणाले. “तुमी म्हसरं दाखवा, वळखतो.”

डॉक्टर हसले. मग तपासलं. मग हसले नाहीत. काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल सांगता येत नाही, असं त्यांनी नीट समजावलं.

एसटी स्टँडपर्यंत नाना माझं बोट धरून चालले. गाडी लागली तेव्हा म्हणाले, “म्हंजी खांब हाय तिथंच हाय. आपुनच लांब चाललो.”

* * *

त्यानंतर नाना टाळीवर खेळू लागले. सुदाम सहाव्या खांबापाशी उभा राहून टाळी वाजवायचा, नाना मान त्या बाजूला वळवून फेकायचे. चकती कुठंतरी पडायची. गयाबाई उचलून आणायची. “आज लई जवळून गेली ओ नाना!” ती रोज सांगायची. नाना रोज विचारायचे, “किती जवळून?” आणि ती रोज हाताचं अंतर दाखवायची, जे त्यांना दिसत नव्हतं.

आणि एक दिवस शटरवर नोटीस लागली. दूध संस्था अवसायनात निघाली, म्हणजे कायमची मोडीत. सोमवारी जागा ताब्यात घेणार, खांब भंगारात जाणार. तोवर बाबुरावांच्या दारात शेळी आली होती. शेळी का होईना, जनावर आहे, म्हणून त्यांनी आपली साखळी नेली होती. ऊसतोडीवाले परत येऊन त्यांच्या दोन घेऊन गेले होते. पाच खांब नागडे. एकट्या गजरीच्या खांबाला साखळी होती.

नानांना नोटीस वाचून दाखवली. ते एवढंच म्हणाले, “म्हंजी ऐतवारची एक फेक राहिली.”

* * *

शनिवारी गयाबाईनं मला आणि बाबुरावांना गाठलं. तिचा बेत सरळ होता. नानांनी चकती टाकली की खांबामागून साखळी हलवायची. चकती कुठंही जाऊ दे. सुदाम मेंढरं घेऊन गोदाकाठाला जातो म्हणून निरोप ठेवून गेला होता, तेव्हा हे काम माझं.

मी चवताळलो. “आयुष्यात कधी खोटी बातमी दिली नाही मी!”

“बातमी कुटं द्या म्हनतीय ओ भाऊ,” ती म्हणाली. “नुस्ती साखळी हालवा.”

माझीही नजर आता साठीपलीकडची. सत्तर पावलांवरून चकती नेमकी कधी सुटली ते मला दिसणार नव्हतं. म्हणून खूण ठरली. नानांच्या हातातून चकती सुटली की बाबुराव डोक्यावरची पांढरी टोपी काढतील. टोपी दिसेनाशी झाली की मी साखळी हलवायची आणि गयाबाईनं ओरडायचं, “वाजली!”

रविवारी उन्हं उतरायला लागली तसे आम्ही जमलो. मे महिना. बगळ्याच्या चोचीलाही घाम फुटेल असा उकाडा. नाना धुतलेलं धोतर नेसून आले होते. गयाबाईनं त्यांना शटरपाशी उभं केलं. मी खांबामागं गेलो आणि टाळी वाजवली.

नानांनी मान वळवली. चकती छातीशी धरली. थांबले. मी पुन्हा टाळी वाजवली.

पांढरी टोपी खाली आली.

मी साखळी हलवली. दोन्ही हातांनी, चांगली खळाळून.

कुणी ओरडलं नाही. मी डोळे बारीक करून पाहिलं. बाबुराव टोपीनं मानेवरचा घाम पुसत होते. गयाबाईनं पदर तोंडाशी धरला होता. आणि लाल चकती नानांच्या हातातच होती.

मी साखळी मुठीत आवळली. तरी तिचं शेवटचं टोक खांबावर दोनदा वाजलंच.

नानांनी चकती गयाबाईच्या हातात दिली. हात धोतराला पुसले. कुणाचा आधार न घेता, बगळ्याला वळसा घालून, ते खांबाकडं चालू लागले.

“आलो गं, आलो! वाईच दम धर.”