मास्तरांची पिशवी

पासष्टाव्या वर्षी मला अक्कल कमीच होती, म्हणून मी शेजारच्या ड्रॉइंग मास्तरांची पिशवी उपसली. ते मला नुसत्या ठिपक्यांनी शेत रंगवायला शिकवत. शेत माझ्या माहेरचं, फुलंब्रीचं. आता तिथं प्लॉट पडलेत, म्हणून मला ते हिरवंगार हवं होतं. मास्तर मात्र पिवळ्याशेजारी निळा ठिपका द्यायला लावत. हिरवा मागितला की चष्मा पुसत म्हणत, "लई घाई तुम्हाला." मला वाटलं, हा माणूस हिरवी ट्यूब लपवतोय. ते पाणी प्यायला गेले, तशी मी पिशवीत हात घातला. तेवढ्यात ते परतले. रागावले नाहीत. "फाटकापाशी जाऊन लांबनं चित्र बघा," एवढंच म्हणाले. मी पिशवी काखेत तशीच घेऊन गेले. तिथून बघते तर निळे-पिवळे ठिपके एकमेकांत मिसळून शेत हिरवंगार! मागोमाग आलेले मास्तर म्हणाले, "ताई, हिरवा सापडला असंल तर पिशवी द्या. माझा डबा हाय त्यात."