माझ्या दुखण्याला त्यांनी धीर म्हटलं

दवाखान्यातल्या बाईंनी माझा पदर स्वतःच्या हातानं बाजूला केला. विचारलं नाही. शिकाऊ पोरांना छातीवरची पट्टी दाखवली आणि म्हणाल्या, "एवढं मोठं ऑपरेशन, पण हिची तक्रार नाही. या लोकांना सोसायची सवयच असते."

या लोकांना. म्हणजे आम्हा बौद्धवाड्यातल्यांना. नाव-गाव-वस्ती त्यांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतली होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण तोंडावर हसूच आलं. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

छातीच्या कॅन्सरसाठी तेर गावाहून एसटीनं शहरातल्या दवाखान्यात आले होते. या बाई तिथं रोग्यांच्या मनाची तपासणी करायच्या, त्यांचा धीर मोजायच्या. झोप लागते का? रडू येतं का? उत्तराला मार्क द्यायच्या. मी म्हणायची, "बरं हाय. काय बी दुखत न्हाय."

साफ खोटं. उशीचं टोक चावून चावून मी रात्र काढत होते. पण बहात्तरच्या दुष्काळात मी मायसंगं खडी फोडली होती. सकाळी मुकादम विचारायचा, "अंग दुखतंय का गं?" जी व्हय म्हणायची, तिला घरी हाकलायचा. माय तापानं फणफणत म्हणायची, "न्हाय जी, ठणठणीत हाय." दवाखान्यातही मला वाटलं, दुखतं म्हणाले तर खाट जाईल.

खाट राहिली. दुखण्याचं इंजेक्शन बंद झालं. शेजारच्या खाटेवर साखर कारखान्याच्या संचालकाची बायको होती. ती कण्हली की सिस्टर धावायची. तिला 'तुम्ही', मला 'तू'. मी इंजेक्शन मागितलं तर सिस्टर म्हणाली, "तुला गरज नाही. बाई म्हणाल्यात, तू धीराची आहेस."

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा पोरं घेऊन आल्या. पदराला हात घातला. मी त्यांचं मनगट धरलं.

"हात काढा. दुखतंय. लई दुखतंय. ही सवय न्हाय, भ्या हाय."

"मग आधी खोटं बोललीस?"

"व्हय, बोलले. तुमी बी मुकादमागतच इच्यारलं."

"नाटकं करू नकोस."

मग मी बोंबच मारली. आयुष्यात पहिल्यांदा. अख्खा वॉर्ड उठून बसला, डॉक्टर धावत आला, आणि तेव्हा कुठं सुई टोचली. बाईंनी रागारागानं माझे मार्क खोडले. खोडा म्हटलं, खुशाल खोडा.

कुणी मला धीराची म्हणालं की अजून माझं डोकं फिरतं. कुणाच्या सोयीसाठी मी आता सोसणार नाही. आणि दुसरीलाही सोसू देणार नाही. आमच्या वस्तीतली बाई दवाखान्याला निघाली की मी तिच्याबरोबर एसटीत बसते. वाटेत एवढंच बजावते, "दुखलं की वरड. इलाज होईस्तवर वरड. त्यांनी शाबासकी दिली तरी गप बसू नगंस."